अनुदानाच्या भरवशावर ठिबक घ्यावे का?

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘सासऱ्यांच्या नावे साडेआठ एकर वावर आहे. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली, पण सातबारा अजून त्यांच्याच नावाचा आहे. वावर माझे यजमान आणि मी करतो. भासरे (थोरले दीर) नागपूरला सरकारी नोकरीत आहेत, नणंद दिग्रसला दिली आहे, सासूबाई आमच्याजवळ असतात. पीएम किसानचे पैसे सासऱ्यांच्या खात्यात यायचे. ते गेल्यावरही दोन हप्ते आले आणि घरात खर्च झाले, पुढे बंद झाले. विहिरीला डिसेंबरपर्यंत पाणी राहते, म्हणून अडीच एकर पऱ्हाटीला (कपाशीला) ठिबक बसवायचे मनात आहे. दुकानदार म्हणतो, सामान आत्ताच उचला, अनुदानाचे आम्ही पाहून घेऊ. एक लाख तीस हजारांचे बिल सांगितले, पाच हजार इसार दिला. बाकीची रक्कम गावात शेकडा तीन रुपये महिन्याने मिळते. भासरे संमतीच्या कागदावर सही करायला तयार नाहीत. गावात काही जणांना दरवर्षी काही ना काही मिळते, आम्हाला आजवर काही मिळाले नाही. मिरगाच्या आधी सामान उचलावे का?’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण मिरग जवळ आला आहे आणि दुकानदार घाई करत असणार. सामान आत्ता उचलू नका, आणि शेकडा तीनचे पैसे तर मुळीच घेऊ नका.

ठिबकाचे अनुदान मिळण्याचा क्रम ठरलेला आहे. राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज होतो, निवड झाल्याचा संदेश येतो, कागदपत्रे चढवली जातात, त्यांची छाननी होऊन कृषी विभागाकडून पूर्वसंमती मिळते, आणि त्या पूर्वसंमतीनंतरच सामान विकत घेऊन ते वावरात बसवायचे असते. मग बिल चढवले जाते, अधिकारी येऊन मोका तपासणी करतात आणि शेवटी रक्कम अर्जदाराच्या आधार जोडलेल्या खात्यात जमा होते. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचे बिल असेल, तर ते सामान कितीही चांगले असले आणि वावरात खरोखर बसवलेले असले, तरी त्यावर अनुदान मागता येत नाही. तुमच्या बाबतीत तर अर्जच झालेला नाही, कारण ज्यांच्या नावे सातबारा आहे ते हयात नाहीत आणि तुमच्या यजमानांचे नाव अजून सातबाऱ्यावर चढलेले नाही. ‘अनुदानाचे आम्ही पाहून घेऊ’ या दुकानदाराच्या शब्दाला म्हणून काहीही आधार नाही. जे त्याच्या हातातच नाही, ते तो पाहून कसे घेणार?

आता पैशांचा हिशेब पाहू, कारण अनुदानाचा ८० टक्के हा आकडा ऐकून पुष्कळ घरांचा अंदाज चुकतो. ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान मिळते. राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून त्यात अनुक्रमे २५ आणि ३० टक्क्यांची भर पडते, म्हणून एकूण ८० किंवा ७५ टक्के होतात. पण ही टक्केवारी दुकानदाराच्या बिलावर काढली जात नाही, ती नळ्यांमधील अंतर आणि क्षेत्र यांवरून शासनाने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर काढली जाते. समजा, तुमच्या अडीच एकरांना मापदंडाप्रमाणे एक लाख रुपये बसले आणि बिल एक लाख तीस हजारांचे आले, तर अनुदान फार तर ८० हजार होईल आणि ५० हजार घरचे जातील. शिवाय बिलाची पूर्ण रक्कम आधी तुम्हालाच भरावी लागते. इसार वजा जाता एक लाख पंचवीस हजार शेकडा तीनने काढले, तर महिन्याला ३,७५० रुपये व्याज चढते. ठिबकाचे अनुदान महिनोन्‌महिने रखडते हे विदर्भातल्या शेतकऱ्यांना नवे नाही. ते वर्षभराने आले असे धरले, तर तोवर व्याजच ४५ हजार झालेले असेल आणि अनुदानाचे सगळेच्या सगळे ८० हजार फेडीत घातले तरी ९० हजार देणे उरेल. हा हिशेब अनुदान मिळाले असे धरून केलेला आहे. पूर्वसंमतीविना खरेदी केल्यामुळे ते मिळाले नाही, तर काय होईल हे मी लिहीत नाही, तुम्ही आणि यजमानांनी एकदा शांत बसून कागदावर मांडून पाहावे.

गावात असे पैसे देणाऱ्याकडे परवाना आहे का, हे तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात विचारता येते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. आपल्याकडे अशा व्यवहारात कर्जाची चिठ्ठी होत नाही, वावराचे खरेदीखतच करून घेतले जाते आणि ‘पैसे फिटले की परत करून देतो’ असे तोंडी सांगितले जाते. कितीही अडचण आली तरी कोऱ्या कागदावर किंवा खरेदीखतावर यजमानांनी सही करू नये. आधीच कोणाला असा कागद करून दिला असेल, तर तो न लपवता जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा; सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळवून देण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे.

आता मूळ अडचणीकडे येतो. तुम्ही ठिबक, पीएम किसान आणि भासऱ्यांची सही अशा तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या आहेत, पण तिन्ही एकाच ठिकाणी अडकल्या आहेत: वारस फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावे चढवण्याची नोंद, झालेला नाही. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला आहे, आणि तो क्रमांक सातबाऱ्यावरील नावाशी जोडून मिळतो. यजमानांचे नाव चढल्याशिवाय ओळख क्रमांक निघणार नाही आणि तो निघाल्याशिवाय महाडीबीटीवर अर्ज होणार नाही. एवढेच कशाला, उद्या अतिवृष्टीने सोयाबीन गेले आणि पंचनामा झाला, तरी मदतीच्या यादीत नाव सासऱ्यांचे येईल आणि पैसे घेताना वारसाचे कागद मागितले जातील. अनुदान न मिळणाऱ्या घरांमध्ये तुमच्यासारखी घरे फार आहेत. कसणारा एक, सातबाऱ्यावर दुसरा आणि तोही निवर्तलेला, ही स्थिती विदर्भात इतकी सर्रास आहे की वारस नोंदींसाठी बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम २०२५ मध्ये राज्यभर राबवावी लागली. ती तुमच्या हातून सुटली असली तरी बिघडले नाही, वारस नोंद केव्हाही करता येते.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. दोन वर्षे लोटली म्हणून हक्क जात नाही. सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, सातबारा आणि आठ-अ, सर्व वारसांची नावे, वये, पत्ते आणि नाते सांगणारे प्रतिज्ञापत्र व ओळखपत्रे एवढे घेऊन तलाठ्यांकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज द्यावा. सेवा केंद्रातून ‘ई-हक्क’ प्रणालीवरही तो करता येतो. अर्जाची पोच घ्यायची, त्यावर तारीख आहे ना ते पाहायचे. पुढे संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. यात तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की वारस नोंदीसाठी भासऱ्यांची सही लागत नाही. एका वारसाने अर्ज केला तरी चालतो, मात्र नावे सर्वांची यावी लागतात: सासूबाई, भासरे, यजमान आणि नणंद.

नणंदेबद्दल तुम्ही काही लिहिले नाही, म्हणून मीच लिहितो. नोंद करताना ‘तिला विचारायचे काय, ती तर दिल्या घरी आहे’ असे कोणी सुचवील, पण ते ऐकू नका. वडिलांच्या जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. वडिलोपार्जित मिळकतीतही २००५ च्या दुरुस्तीने तो दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. तिचे नाव गाळून केलेली नोंद हरकतीत अडकते आणि तुमचे वर्ष जाते. तिला स्वखुशीने हिस्सा सोडायचा असेल, तर त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते, ते नंतरही करता येईल. आज तिला फोन करून, आपण काय करत आहोत आणि कशासाठी, हे तुम्ही स्वतः सांगावे. नोटीस आधी हातात पडली आणि खुलासा मागून आला, तर माणसाचे मन दुखावते.

भासऱ्यांच्या नकाराकडे मी हट्ट म्हणून पाहणार नाही. नोकरीतल्या माणसाला मुद्रांकावर सही मागितली की पहिली शंका हीच येते की आपला हिस्सा जातो आहे. सामायिक खात्यावर ठिबकासाठी जो संमतीलेख लागतो, त्यात फक्त एवढेच असते की या गटात अमुक क्षेत्रावर अमुक सहखातेदाराने योजनेचा लाभ घेतला आणि अनुदान त्याच्या खात्यात जमा झाले तर माझी हरकत नाही. त्याने मालकी हलत नाही, हिस्सा कमी होत नाही आणि त्यांच्या नोकरीलाही बाधा येत नाही. तो मसुदा सही मागण्याआधी त्यांच्याकडे पाठवा, त्यांना नागपुरात हव्या त्या वकिलाला दाखवू द्या, आणि त्यात ‘या संमतीने माझ्या मालकी हक्कावर कोणताही परिणाम होणार नाही’ हे वाक्य तुमच्याकडूनच घालून द्या. हे बोलणे यजमानांपेक्षा सासूबाईंच्या तोंडून निघाले तर अधिक बरे. दोन भावांमध्ये पिकाच्या वाट्यावरून आधीचे काही खटकलेले असेल, तर तोही विषय त्याच बैठकीत उघड बोलून घ्यावा. तो तसाच राहिला, तर सहीचा प्रत्येक कागद त्याच्यापाशी येऊन थांबेल.

तरीही ते तयार झाले नाहीत, तर हिस्सेवाटप हाच मार्ग उरतो आणि माझ्या मते तुमच्या घराला आज ना उद्या तो लागणारच आहे. सर्व वारस राजी असतील तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून वाटप होते आणि प्रत्येकाचे खाते वेगळे पडते. मग ठिबक असो की शेततळे, कोणाच्या सहीसाठी नागपूरला चकरा माराव्या लागत नाहीत. शिवाय यजमानांचे क्षेत्र दोन हेक्टरांच्या आत राहिले, तर ते अल्पभूधारक ठरतात आणि ८० टक्क्यांचा दर लागू होतो. वारसांमध्ये एकमत नसेल तर मात्र दिवाणी न्यायालयात जावे लागते आणि त्याला किती वर्षे लागतील हे कोणी सांगू शकत नाही; म्हणून राजीखुशीने होत असेल तोवर करून घेण्यात सर्वांचे हित आहे, भासऱ्यांचेही.

पीएम किसानचे सोपे आहे. वर्षाला ६ हजार रुपये तीन हप्त्यांत केंद्राचे, आणि २०२३ पासून तेवढेच राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे. एरवी १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेल्यांना हा लाभ नाही, पण मृत्यूनंतर वारसाने आलेल्या जमिनीला ती अट आडवी येत नाही. नोंद झाली की यजमानांच्या नावे नवीन अर्ज करा, आधार जोडलेले खाते द्या आणि ई-केवायसी पूर्ण करा. योजनेत पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरतात, म्हणून तुम्हा दोघांपैकी एकालाच लाभ मिळेल. सासूबाईंचे नाव लागल्यावर त्यांचा वेगळा अर्ज करून पाहता येईल. भासरे सरकारी नोकरीत चतुर्थ श्रेणीच्या वर असतील तर त्यांना तो मिळणार नाही, पण त्यांच्या अपात्रतेचा तुमच्या अर्जाशी संबंध नाही. सासऱ्यांच्या मृत्यूनंतर आलेले दोन हप्ते मात्र परत करावे लागतील. दुःखाच्या दिवसांत घरातले पैसे घरात खर्च झाले, त्यात तुमची लबाडी नव्हती, पण ते मृत व्यक्तीच्या नावे आलेले शासनाचे पैसे आहेत. वसुलीची नोटीस येण्याची वाट न पाहता तालुक्याच्या कार्यालयात मृत्यूचा दाखला देऊन ते कसे भरायचे हे विचारा आणि भरल्याची पावती जपून ठेवा.

खात्याबद्दल एक खबरदारी घ्या. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खाते आधारशी जोडले गेले असे नसते. थेट लाभासाठी ते वेगळे जोडावे लागते, आणि दोन-तीन खाती असतील तर शेवटी जोडलेल्या खात्यात पैसे जातात. पैसे आले नाहीत म्हणून वर्षभर फिरणाऱ्या कित्येकांची रक्कम कधीतरी उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात पडून असते. शाखेत जाऊन तेवढे एकदा विचारून घ्या.

ठिबक घ्यावे की नाही, याबद्दलही माझे मत सांगतो, कारण अनुदान आहे म्हणून वस्तू घेणे आणि वस्तू लागते म्हणून अनुदान मागणे यात फार अंतर आहे. तुमची गरज मला खरी वाटते. कपाशीला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, बोंडे भरण्याच्या काळात ओल कमी पडली की उतारा घटतो, आणि डिसेंबरपर्यंत पाणी देणारी विहीर ठिबकावर अडीच एकर तो काळ काढून देऊ शकते. पण ठिबक पाणी वाढवत नाही, असलेले पाणी पुरवून वापरायला मदत करते. उन्हाळी पीक निघेल अशी आशा कोणी दाखवली असेल तर ती सोडून द्या. विहिरीची नोंद सातबाऱ्यावर आहे ना, हेही वारस नोंदीच्या वेळीच पाहून घ्या, कारण पाण्याचा स्रोत दिसला नाही तर छाननीत अर्ज मागे येतो. सासऱ्यांनी पूर्वी याच गटावर तुषार किंवा ठिबकाचे अनुदान घेतले असेल, तर सात वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याच क्षेत्रावर पुन्हा मिळत नाही. घरात जुनी बिले असतील ती चाळून पाहा.

यंदाच्या मिरगापर्यंत हे सारे होणार नाही, आणि त्याचे यजमानांना वाईट वाटेल हे मी जाणतो. यंदा पऱ्हाटी नेहमीसारखी लावा, सरीने पाणी द्या. ज्या महिन्यात नोंद प्रमाणित होईल, त्याच महिन्यात ओळख क्रमांक काढून महाडीबीटीवर अर्ज करा. पूर्वी निवड सोडतीने होत असे. २०२५ पासून ‘प्रथम अर्ज करणाऱ्यास प्राधान्य’ असा नियम आला आहे, त्यामुळे अर्जाची तारीख आता महत्त्वाची झाली आहे. तुमच्या गावात काहींना दरवर्षी मिळते, यामागे ओळखपाळख किंवा देवाणघेवाण कुठेच नसते असे मी म्हणणार नाही, आणि तशी शंका असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर गावच्या लाभार्थ्यांची यादी मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण बहुतेक वेळा त्यांचे कागद तयार असतात आणि पोर्टलवर योजना उघडली की दुसऱ्या दिवशी त्यांचा अर्ज गेलेला असतो.

पूर्वसंमती आली की त्यात दिलेल्या मुदतीत सामान घ्यायचे असते, म्हणून तोवर घरच्या वाट्याचे पैसे बाजूला पडायला हवेत. उरलेल्या रकमेसाठी, ज्या बँकेतून किंवा सोसायटीतून पीककर्ज घ्याल, तिथे पूर्वसंमतीचे पत्र दाखवून मध्यम मुदतीचे कर्ज मागा. खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करा, जीएसटीचे पक्के बिल घ्या, रक्कम खात्यातून द्या. दोन-तीन ठिकाणची दरपत्रके आधी मागवली, तर एक लाख तीस हजारांचा आकडा बराच खाली येण्याची शक्यता आहे. पासबुक, एटीएम कार्ड किंवा मोबाईलवर आलेला ओटीपी दुकानदाराला देऊ नका. अडीच एकरांवर बसवून पाच एकरांचे बिल करण्याची सूचना आली, तर तिथून उठून या. अर्ज आणि खाते यजमानांचे असल्यामुळे वसुलीची नोटीस त्यांच्याच नावे निघेल, बिल लिहिणाऱ्याच्या नावे निघणार नाही.

राहिला दिलेला पाच हजारांचा इसार. उद्याच यजमानांना घेऊन दुकानात जा आणि भांडण न करता सांगा, की पूर्वसंमती मिळेपर्यंत खरेदी होणार नाही, इसार परत द्या. पावती दिली नसेल तर आधी पावती मागा. तो परत करायला तयार नसेल, तर ती रक्कम पुढच्या खरेदीत वळती करीन असे तारखेसह, दुकानाच्या शिक्क्यासह लिहून घ्या. तेही देत नसेल तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. सर्वांत वाईट म्हणजे पाच हजार बुडाले, तरी सामान उचलू नका.